नंबर लागलेल्यांनी आत यावे

खर्ड्याच्या सरकारी दवाखान्यासमोर मच्छिंद्र मघापासून घुटमळत होता. मुठीत सरकारी लॉटरीचं तिकीट, तेही बक्षीस लागलेलं, आणि तोंड मात्र सुतकी. मागे लिंबाखाली त्याची बायको चांगुणा पदर सावरत बसली होती.

झालं होतं ते एवढंच की सरकारनं लॉटरीचा कारभार आरोग्यखात्याकडे सोपवला होता. मुंबईत कुणीतरी सही केली आणि इथं बक्षिसासाठी दवाखान्याची पायरी चढायची वेळ आली. त्यात कंपाउंडर पडला काटकसरी. निकालाचा कागद त्यानं कुटुंबनियोजनाच्या जुन्या पोस्टरवरच डकवला. वर लाल त्रिकोण आणि खाली ठळक अक्षरांत, 'नंबर लागलेल्यांनी आत यावे.'

"सरकार फुकट काय देतं का?" तिकीट विकणारे गनीभाई म्हणाले. "आदी आपरेशन, मंग बक्षीस."

"पर मला अजून एकबी पोर न्हाई वो!" मच्छिंद्र कळवळला.

खरंच नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्याची आई आता उघडउघड दुसरी सून बघत होती. बक्षीस सोडावं तर विहीर कोरडी ठणठणीत. दुष्काळात ती आणखी खोल न्यायची तर हाच एक आधार. बिचाऱ्याची पुरती कोंडी झाली. शेवटी त्यानं तिकीट गनीभाईंपुढे धरलं.

"घ्या, तुमीच जावा. तुमाला सात हायेत."

गनीभाई हात पुढे करतात न करतात तोच चांगुणा लगबगीनं आली आणि नवऱ्याला बाही धरून बाजूला घेऊन गेली.

"अवं, देऊ नगा तिकीट. जावा बिनघोर आत."

"येडी का खुळी तू?"

"आपला नंबर लागलाय," ती पदराआडून पुटपुटली. "दिवस गेल्यात मला."

मच्छिंद्र आनंदानं मटकन खालीच बसला. मग उठला, डोळे पुसले, धोतराचा कासोटा करकचून आवळला आणि लढाईवर निघाल्यासारखा आत शिरला.

"करा काय करायचं ते," त्यानं तिकीट टेबलावर ठेवलं.

कंपाउंडरनं कातर उचलली. मच्छिंद्रनं डोळे मिटून खंडोबाचं नाव घेतलं. कचकन आवाज झाला आणि तो केवढ्यानं तरी ओरडला.

"अहो, ओरडताय काय?" कंपाउंडर वैतागला. "तिकिटाचा कोपरा कापला. बक्षीस दिल्याची खूण असते ती."

बाहेर चांगुणाचा जीव टांगणीला लागला होता. ओरडणं तिनं ऐकलं होतं. तो पायरी उतरताच ती धावली.

"लई दुखलं का वो?"

मच्छिंद्रनं इकडं तिकडं पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकला.

"न्हाई गं. दुसऱ्या पोराचीबी सोय शाबूत हाय."