दोन रकान्यांची भिंत

शाळेचा शिपाई गुंडूनं चुन्याची बादली वर्गात आणून ठेवली, ब्रश तिच्यात बुडवला आणि तो दाराशी उकिडवा बसला. काय पुसायचं ते अजून ठरायचं होतं.

दहावीच्या वर्गाची मागची भिंत जिनाप्पा सरांनी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः लिहून काढली होती, गेरूत डिंक कालवून. दोन रकाने. डावीकडे ‘तेव्हा’: बहामनी, आदिलशाही, मुघल, तुर्कस्तानचे उस्मानी. उजवीकडे ‘आता’: रोजच्या बातम्यांतली बलाढ्य राष्ट्रं. प्रश्न दोघांना तेच. काय सांगून आत शिरले? डावीकडे धर्म, उजवीकडे सुरक्षा. काय नेलं? खंडणीसमोर कर्जाचं व्याज आणि खाणी. किल्ल्यासमोर लष्करी तळ. डावीकडे एका ओळीत पाडलेली देवळं होती, तिच्याच खाली देवळांना दिलेली इनामं. काही ठिकाणी सरांनी ‘इथे साम्य नाही’ असं लिहून खाली रेघ मारली होती. सगळ्यात खाली, मधोमध, सही.

सर जाऊन महिना झाला होता. त्यांची मुलगी ब्राह्मी शाळेतलं त्यांचं कपाट रिकामं करायला बेळगावहून निपाणीला आली होती. चष्म्याचं घर आणि दोन डस्टर पिशवीत टाकून ती निघाली, तेवढ्यात संस्थेचे चेअरमन परशरामकाका तिला या वर्गात घेऊन आले. काका सरांचे बालमित्र. तिरडीचा पुढचा खांदा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नव्हता.

त्यांनी हळूच विषय काढला. पुढच्या आठवड्यात शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. या वर्गाला सरांचं नाव द्यायचं ठरलं होतं. समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांची माणसं आधी येऊन सगळं बघून गेली होती. डाव्या रकान्याचे त्यांनी भराभर फोटो काढले, फार खूश झाले. उजव्यासमोर मात्र त्यांचे चेहरे बदलले. आजचं राजकारण शाळेत कशाला, म्हणाले.

“डावं हाय तसं ठेवतो, पोरी,” काका म्हणाले. “खाली तुझ्या अण्णांचं नाव रंगवून घेतो. लई मोठ्या अक्षरात.”

“दोन्ही ठेवा की, काका.”

“न्हाय जमायचं गं. पावणं बदलायचं म्हटलं तर पत्रिका छापून झाल्यात.”

“नुसतं डावं वाचून पोरांना काय कळंल?”

“त्यात काय खोटं लिवलंय का?”

“न्हाय.”

“मग?”

ब्राह्मीनं डाव्या रकान्यावरून नजर फिरवली. ओळ न् ओळ खरी होती. पुस्तकं उघडून अण्णांनी ती तपासलेली तिनं पाहिली होती. या वर्गात मुल्लांच्या दोन मुली होत्या. उद्या त्या अर्ध्या भिंतीपुढे बसणार होत्या. येणारेजाणारे एकदा भिंतीकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघणार होते, आणि खाली मोठ्या अक्षरात अण्णांचं नाव असणार होतं.

तिनं पिशवी बाकावर ठेवली. बादलीतला ब्रश उचलून निथळला आणि ती डाव्या रकान्याकडे गेली.

काका चटकन पुढे आले. “अगं, बापाचं अक्षर हाय ते.”

“व्हय,” ती म्हणाली. “मलाबी दिसतंय.”

पहिला हात तिनं ‘तेव्हा’वरून फिरवला. मग खाली, ओळीवर ओळ. सहीपाशी हात जरा अडला, मग तीही गेली. नंतर तिनं उजवा रकाना घेतला. काकांनी तिला अडवलं नाही. डोक्यावरची टोपी काढून ते एका बाकावर टेकले. चुन्याचे थेंब तिच्या साडीवर पडत होते. गुंडू दारातून उठला आणि नुसता उभा राहिला.

सगळं झाल्यावर तिनं ब्रश बादलीत सोडला. भिंतीवरची अक्षरं आता पहिल्यापेक्षा ठळक दिसत होती.

“अजून वाचता येतंय की,” काका म्हणाले. त्यांना बरं वाटत होतं की वाईट, ते आवाजावरून कळेना.

“चुना वला हाय, साहेब,” गुंडू म्हणाला. “वाळंल तसं झाकत जाईल.”

ब्राह्मी शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली आणि वरच्या ओळीपासून वाचू लागली. खिडकी उजव्या अंगाला होती. आधी तिकडचं पांढरं व्हायला लागलं.