पलंगापाशी शून्य

अर्धांगवायूने आठ महिने अंथरुणाला खिळलेले गणिताचे मास्तर नातीला पूर्णांक शिकवत होते. "फरशीवर खडूने संख्यारेषा काढ. माझ्या पलंगापाशी शून्य, खिडकीकडे धन, दाराकडे ऋण."

रेषा झाली आणि मास्तरांना काय वाटलं कोण जाणे, वॉकर धरून ते स्वतःच उठले. खिडकीच्या दिशेने पाच पावलं गेले, पाच पावलं परत आले आणि धापा टाकत पलंगावर टेकले.

"अधिक पाच, उणे पाच. उत्तर शून्य!" नात टाळ्या पिटत म्हणाली. "बरोबर ना, आजोबा?"


उभ्या जन्मात कुणाला अर्धा मार्क फुकट न दिलेल्या मास्तरांनी घाम पुसला आणि ठणकावून सांगितलं, "साफ चूक! उत्तर दहा."