निर्मलाचं पोट

धनुबाईनं सुनेला बैलगाडीत बसवलं आणि स्वतः पुढं कासरा धरून बसली. तिचा मोठा मुलगा भटू बैलांसमोर आडवा उभा राहिला.

निर्मलाचा नवरा, भटूचा धाकटा भाऊ, मागच्या वर्षी तापानं गेला होता. आणि होळीपासून निर्मलाचं पोट वाढत चाललं होतं. रनाळे गावात दुसरा विषय उरला नव्हता. मी काही केलं नाही, असं ती रडून सांगायची. ऐकायला कोणी तयार नव्हतं. भाऊबंदांनी पोट पाडायचा काढा आणून ठेवला होता. तो प्यायचा, नाहीतर घर सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"माय, भाऊबंद काय म्हनतीन?" भटू म्हणाला.

"काढा मी उकिरडावर फेकी दिधा. बाजूले व्हय."

धनुबाई आजवर एकटी कधी नंदुरबारच्या पुढं गेली नव्हती. तिनं गाडी तिथं ओळखीच्या घरी सोडली, आगगाडीत सुनेला खिडकीशी बसवलं आणि सुरतेचा दवाखाना विचारत विचारत गाठला. बोचक्यात धुतलेली जुनी, मऊ लुगडी होती.

डॉक्टरांनी बराच वेळ पोट तपासलं.

"मूल नाही," ते म्हणाले. "मूत्रपिंडाला गाठ आहे. कापून काढावी लागेल. जीवही जाऊ शकतो."

कागदावर अंगठा कुठं लावायचा ते धनुबाईनं विचारलं.

गाठ भोपळ्याएवढी निघाली. आत पाण्यानं भरलेले कप्पेच कप्पे. तिच्याबरोबर ते मूत्रपिंडही काढावं लागलं. अशी गाठ डॉक्टरांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. पण ती साधी होती, जिवावर उठणारी नव्हती. उरलेल्या एका मूत्रपिंडावर पोरगी सुखानं जगेल, असं त्यांनी सांगितलं.

निरोप मिळताच भटू आला. भावजयीच्या खाटेपाशी मान खाली घालून उभा राहिला. मग आईकडं वळला.

"माय, आम्ही सगळा चुकनूत. तुले एकलीलेच तिना भरोसा व्हता."

धनुबाईनं निजलेल्या निर्मलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मले बी पोरच वाटनं व्हतं," ती म्हणाली. "मी दोन्हीस्ले घर लई येनार व्हतू."