खिडकीपुरता पतंग

"हा नको. फार डोलतो," असं म्हणून टेलरमास्तरांनी पतंग परत फळीवर ठेवला.

पतंगवाल्याने कपाळाला हात लावला. "मास्तर, अर्धा तास झाला. पतंग घेताय की जावई शोधताय?"

"तिसऱ्या मजल्यावरून दिसला पाहिजे. आणि एका जागी थांबला पाहिजे."

"मागे तो वाघाच्या तोंडाचा नेलात ना? पोराला वाघच हवा म्हणून माझं अख्खं दुकान उपसलंत."

"वाघ राहू दे. लाल दाखव. हिला लाल आवडतो."

"म्हणजे आता धाकटीचं राज्य!" पतंगवाला हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी एक मोठा लाल पतंग उजेडात धरला, कागदाला कुठे चीर नाही ना ते पाहिलं, काडीवरून अंगठा फिरवला आणि पिशवी न घेता तो दोन्ही हातांत धरून घरी आणला.

शेपूट त्यांनी कापडाच्या कातरणांचं शिवलं. कापड बेतण्यात उभा जन्म गेलेला माणूस, पण ते शेपूट त्यांनी तीनदा उसवलं. जड झालं तर पतंग उठत नाही, हलकं झालं तर गिरक्या घेतो. बायको भाजी निवडत बघत होती. ती हॉस्पिटलकडे फिरकत नसे. त्या इमारतीचा विषय निघाला तरी उठून आत जाई. ज्याची त्याची सोसायची तऱ्हा. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता.

"आजही जाताय?" तिने विचारलं.

"पाच वाजता. वारा तेव्हाच बरा असतो."

मुलांच्या हॉस्पिटलसमोर मोकळं मैदान होतं. जंतूंच्या भीतीने त्या वॉर्डात भेटायला कोणालाच सोडत नसत. म्हणून मास्तर मैदानातून पतंग चढवत आणि कोपऱ्यातल्या खिडकीसमोर आणून धरत. काटाकाटी नाही, आरडाओरडा नाही. हात भरून येईपर्यंत नुसतं धरून ठेवायचं.

पहिल्या दिवशी काचेमागे काही हललं नाही. चौथ्या दिवशी केस गेलेलं एक इवलं डोकं उशीवरून वर आलं. नवव्या दिवशी पोरगी खिडकीला हात टेकून चक्क बसली होती. मास्तरांचे डोळे असे भरून आले की दोरा दिसेना.

ड्यूटी संपली की त्या वॉर्डातली सिस्टर मैदानाच्या कडेला थांबायची.

"आज दूध प्यायली. उलटी नाही झाली."

"ताप?"

"उतरतोय. आणि सुई टोचताना पतंग दिसला की गप्प हात पुढे करते. नाही दिसला तर वॉर्ड डोक्यावर घेते."

मग एक दिवससुद्धा चुकवायची सोय राहिली नाही. पाऊस भुरभुरला की मास्तर पतंग शर्टाखाली घालून आडोशाला पळत. एकदा तो फांदीला लागून फाटला. त्यांनी पातळ कागदाचं ठिगळ लावलं आणि तो इस्त्रीच्या टेबलावर सपाट वाळत ठेवला. गिऱ्हाइकांच्या पँटी दुपारभर खोळंबल्या. एकाने चार शब्द सुनावले, ते मास्तरांनी मुकाट ऐकून घेतले.

आणि एका संध्याकाळी खिडकी रिकामी दिसली.

मास्तरांनी पतंग तसाच धरून ठेवला. वारा पडत होता, तरी ढील देत, ओढत, त्यांनी तो काचेसमोरून हलू दिला नाही. आत कोणीतरी चादर बदलत होतं. त्यांना ते बघवेना, आणि मान वळवायची हिंमतही होईना.

सिस्टर धावतच मैदानात आली.

"काका, उतरवा तो पतंग! घरी गेली ती. आपल्या पायांनी चालत गेली!"

मास्तर मटकन गवतात बसले. फिरकी हातातून सुटली. ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले आणि सिस्टरने त्यांना रडू दिलं. मग ती त्यांच्याशेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "जाताना विचारत होती, पतंगवाले काका कुणाचे बाबा आहेत? म्हटलं, तुझ्याआधी या खाटेवर एक मुलगा होता ना, त्याचे. पुढचं नाही सांगितलं."