चिमीला निरोप

विहीणबाई दहा मिनिटांत पोचणार होत्या आणि चिमीची स्मृती पुसायची अजून राहिलीच होती.

चिमी म्हणजे शरयूबाईंचं स्वयंपाकयंत्र. अकरा वर्षं ओट्यावर बसून तिने आमटी-भात शिजवला होता आणि घरात बोललेलं अक्षर न् अक्षर साठवून ठेवलं होतं. त्यातलं बरंचसं विहीणबाईंबद्दलच होतं. आता नवं यंत्र आल्यामुळे चिमी लेकीच्या सासरी निघाली होती.

शरयूबाईंच्या यजमानांनी, माधवरावांनी, स्मृती पुसायचं बटण दाबलं.

"शेवटचा शब्द मालकिणीच्या आवाजात हवा," चिमी म्हणाली. "'जा' म्हणा, की सगळं कायमचं पुसलं जाईल. मग कुणालाच परत मिळणार नाही."

शरयूबाईंनी चिमीला हळदकुंकू लावलं. "ये हं बाळा," त्या म्हणाल्या.

"'ये' ऐकलं. पुसणं रद्द."

"अगं, 'जा' म्हण ना!" माधवराव पुन्हा बटण दाबत ओरडले.

"घरातून निघालेल्याला कुणी 'जा' म्हणतं का? तुमचं आपलं काहीतरीच! ये गं चिमे, सावकाश ये."

"पुसणं रद्द."

माधवरावांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, तेवढ्यात विहीणबाई आल्याच. चिमीच्या झाकणावरून कौतुकाने हात फिरवत त्यांनी विचारलं, "काय गं, ओळखलंस का मला?"

"ओळखलं ना! तुमच्या अळूवड्यांना शरयूबाई काय म्हणतात, सांगू?"

"जा!" शरयूबाई किंचाळल्या.

चिमीने तो शब्द ताबडतोब मनावर घेतला. विहीणबाईंनीही.