होडी उतरवायची जागा

पुरासाठी सोसायटीनं सेकंडहँड होडी घेतली, पण ती पाण्यात उतरवायची कुठून, यातच रविवार गेला. उल्हास नदीच्या घाटाला पायऱ्या, काठाला गुडघाभर चिखल. होडी परत गेटपाशी आणेपर्यंत सगळ्या काकांची वाट लागली. तळमजल्यावरच्या भारतीकाकू खिडकीतून बघत होत्या. मागच्या पुरात त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना टेबलावर धरून ठेवलं होतं. मी म्हटलं, "काका, पुरात नदीच आपल्या गेटमध्ये येते ना? मग पार्किंगच्या उतारावरून सोडा की होडी!" "तू दहावीचं बघ गं, शहाणे!" सेक्रेटरीकाका खेकसले. उताराच्या वरच्या टोकाला, पुरातून वाचावी म्हणून, त्यांचीच नवी गाडी असते. काकूंनी खिडकीतून सगळ्यांना पाणी दिलं. ते पिऊन सेक्रेटरीकाकांनी गाडी खाली घेतली. गाडीच्या जागी वर चढवलेल्या होडीची दोरी काकूंनी आपल्या खिडकीच्या गजाला बांधली, टोक सासूबाईंच्या हातात दिलं.