देविदास मिस्त्रींचा कान

"सगळं पुसून टाकावं लागेल," शौनक लॅपटॉपवरून मान वर करत म्हणाला.

देविदास मिस्त्रींनी ते त्याच्या ओठांवरून वाचलं. तातेरावांच्या जुन्या गाडीच्या इंजिनावर टेकलेला त्यांचा हात तिथंच राहिला.

शौनकच्या पुण्यातल्या कंपनीचं यंत्र आठ महिने जवळा बाजार गावातल्या मिस्त्रींच्या गॅरेजात शिकत होतं. इंजिनाजवळ एक माइक, थरथर मोजणारी एक चकती, आणि मिस्त्री पेच किती फिरवतात त्याची नोंद. शिकवायचं कुणी नाही. मिस्त्रींनी काम करायचं, यंत्रानं बघायचं आणि एक दिवस इंजिन स्वतः सेट करायचं. तो दिवस आजचा. यंत्रानं तातेरावांची गाडी सेट केली. धूर मोजला, खोट निघाली नाही. नेमसिंग चहावाला ओरडला, "मिस्त्री, आता तुमी घरी बसा. पारुबाईला गहू निवडू लागा!" सगळे हसले. देविदासही हसले, जरा उशिरानं.

मग शौनकनं यंत्र नेमकं काय शिकलं ते पाहिलं. थरथरीवर सगळा भरवसा. आवाजावर शून्य.

"माइक चुकीच्या जागी बसला असणार," तो म्हणाला. "आवाज न ऐकता कुणी इंजिन सेट करतं का? आज नशिबानं जुळलं. हे रस्त्यावर सोडता येणार नाही. दुसऱ्या मिस्त्रीकडं पहिल्यापासून शिकवू. तुमचा काही दोष नाही, काका."

माइक बरोबर जागी होता; आवाज मात्र कुणी ऐकतच नव्हतं. ते देविदासांना माहीत होतं, आणि त्यांच्या हिशेबानं जगात आणखी एकीलाच, बायकोला, पारुबाईला. तीन वर्षांपूर्वी आधी डावा कान गेला, मग उजवा. तोवर 'कानवाले मिस्त्री' हे नाव पार साखरा गावापर्यंत पोचलं होतं. गाड्या त्या नावाला येत. म्हणून बॉनेटपाशी मान तिरकी करून डोळे मिटायचं त्यांनी सोडलं नाही. गिऱ्हाइकाला ते बघायला आवडतं. खरं काम तळहात करत होता. कुठला सिलिंडर कुरकुरतोय, कुठला उपाशी आहे, ते त्या हाताला कळे. पण सांगता येत नसे. शागीर्द आले, बोटं पोळून घेतली, गेले. टिकलं ते एकटं यंत्र.

पडद्यावर चौकट आली. पुसायचं? हो. नाही.

गप्प राहिलं तर कानाचं नाव वाचत होतं, यंत्रात उतरलेला हात पुसला जात होता. बोललं तर नाव जाणार, नावामागं गाड्या. शौनकचं बोट खाली येऊ लागलं. मिस्त्रींनी ग्रीसनं माखलेला पंजा त्याच्या लॅपटॉपवर थापला.

"थांबा सायेब!" आवाज नको तेवढा मोठा निघाला. "माइक बराबर हाय. मलाच ऐकू येत न्हाई. तीन वर्सं झाली. ते माझ्यावानी हातानं काम करून राहिलं. पुसू नका."

शौनकनं त्यांचा पंजा हळूच उचलला आणि 'नाही' दाबलं.

नेमसिंगनं हातातली किटली खाली ठेवली. देविदास एकेकाच्या ओठांकडे बघत राहिले. कुणाचेच हलत नव्हते. ते गाडीला टेकले.

तातेराव गाडीला वळसा घालून आले. अगदी समोर उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "काहून घाबरता मिस्त्री? तीन सालापासून साऱ्या बाजाराला ठाऊक हाय. गाडी दुसरीकडं नेली का कुणी?"